सरदाराचे सुळे

आमच्या घरी पुढच्या खोलीत दात असतात. दार उघडून आत आलेल्या माणसाला आधी कपाटातले जबडे दिसतात आणि मग माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या वहिनी. जबडे प्लॅस्टरचे, ओळीनं मांडलेले. जाऊबाई हाडामांसाच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोटांना गुलाबी मेण. त्या कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर हिरड्यांचं माप घेऊन पाठवतात, वहिनी त्या मापावर मेण चढवतात, मेणात एकेक दात रोवतात, आणि थोड्याच दिवसांत गावातलं कुणीतरी पुन्हा चावून खायला लागतं. रस्त्यानं जाताना त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांकडे जातच नाही, थेट ओठांकडे. "हे माझं काम," असं मध्येच हळूच म्हणतात, आणि मी बघते तर एक आजोबा सफरचंदाचा लचका तोडत चाललेले असतात.

मी त्यांची धाकटी जाऊ. वरच्या मजल्यावर राहते आणि गाडी चालवायला शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" असं ओरडून माझा स्वभाव जो व्हायचा तो झालेला आहे. चालता चालता हरवणारी माणसं मला सोसत नाहीत. आणि नशिबानं जाऊ मिळाली ती अशी.

कारण वहिनींना प्रेमकथा लागतात, आणि त्याही साध्यासुध्या नाहीत. दोघांपैकी एकजण तरी मेलेला किंवा मरता न येणारा पाहिजे. दोघंही धडधाकट जिवंत असले की त्यांचा रस संपतो. "त्यात काय वाचायचं? तसलं घरात आहेच की," असं म्हणतात.

हे घरातलं म्हणजे माझे मोठे दीर, भाऊजी. सगळी नोकरी त्यांनी बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवली. काचेच्या खोलीत बसायचं, समोर मायक्रोफोन, आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते जगाला सांगायचं. भाऊजींचा चेहरा गावात फारसा कुणाला ठाऊक नव्हता, पण दुकानात जाऊन त्यांनी नुसता साबण मागितला तरी शेजारचं गिऱ्हाईक दचकून आपली पिशवी उचलायचं. निवृत्त झाल्यावर तो आवाज करायचा काय, हा प्रश्न होता. तो वहिनींनी सोडवला. त्यांचे दोन्ही हात कामात, बोटं चिकट, पान उलटणार कोण? तेव्हा दुपारची जेवणं झाली की भाऊजी पुढच्या खोलीत खुर्ची ओढून बसायचे आणि वाचायचे. वहिनी दात रोवत ऐकायच्या.

मी जिन्यातून जाता-येता ऐकलेलं सांगते, तसं वाचन मी दुसरं ऐकलेलं नाही. आवाजात चढउतार म्हणून नाही. तिथं थडग्यातून हात बाहेर येवो, नाहीतर नायक नायिकेचं चुंबन घेवो, भाऊजी फलाट चारवर गाडी लागल्यासारखंच वाचायचे. पण त्यामुळंच ते खरं वाटायचं. घोषणेत सांगितलेली गाडी येतेच ना, तसं.

त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक होतं होडीवालीचं. एक मोठी नदी, एका काठाला गाव, दुसऱ्या काठाला काळा किल्ला. किल्ल्यात राहणारा सरदार तीनशे वर्षांचा, दिसायला पंचविशीतला, रक्तावर जगणारा. असल्या लोकांना म्हणे वाहतं पाणी ओलांडता येत नाही. कुणी आपण होऊन "बसा" म्हणून नेलं तरच. होडीवाली त्याला "बसा" म्हणाली, आणि तिथून सगळा घोटाळा सुरू.

"रक्त पिणाऱ्या माणसाला होडीत घ्यायचंच कशाला?" मी जिन्यातून विचारायची. "मी साधा शिकाऊ परवाना नसेल तर कुणाला गाडीत घेत नाही."

"तू जा गं तुझ्या गाड्या ठोकायला," वहिनी म्हणायच्या.

त्यांची स्वतःची हरकत वेगळीच होती. "एवढे लांब सुळे असते तर वरचा ओठ मिटलाच नसता. लाळ गळली असती."

"मग तो चुंबन कसं घेतो?" भाऊजी पुस्तकातून मान वर न काढता विचारत.

"तीनशे वर्षांची सवय. वाचा पुढं."

त्या पहिल्या भागाच्या शेवटी सरदार होडीवालीला म्हणतो, माझ्यासारखी हो, कधीच मरणार नाहीस. ती नाही म्हणते. तेव्हा नदीच्या मध्यावर तो होडीतून उठतो आणि वाहत्या पाण्यात पाय ठेवतो. बस्स. पुस्तक संपलं. भाऊजींनी ते मिटलं आणि आपल्या खास आवाजात सांगितलं, "प्रवाशांनी पुढील सूचना मिळेपर्यंत प्रतीक्षा करावी." वहिनी संतापानं हातातलं मेण फेकायच्या बेतात होत्या.

पुढची सूचना यायला लेखिकेनं काही वर्षं लावली, आणि त्या वर्षांत आमच्या घरी दुसरंच काही झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावाला दात देणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि तो तिच्यापासून ते लपवत होता. डॉक्टरांच्या खुर्चीची त्यांना भीती. दात हलायला लागले तेव्हा गोष्ट उघड झाली आणि तोवर उशीर झाला होता. एकेक करत सगळे काढावे लागले.

दात गेले आणि आवाज गेला. घशाला काही झालं नव्हतं, पण ज्या शब्दांवर हयात गेली ते आता ओठांतून हवेसारखे निसटायला लागले. एकदा औषधाच्या दुकानात गेले, काहीतरी मागितलं, आणि तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, "काय म्हणालात आजोबा? परत सांगा." त्या बिचारीचं काही चुकलं नव्हतं. पण भाऊजी काही न घेता घरी आले आणि त्यानंतर दुकानात गेले नाहीत. बोलायची वेळ आलीच तर तोंडासमोर हात धरायचे. जेवण मागच्या खोलीत, दार लावून. आम्ही सगळे टेबलाशी आणि त्यांची खुर्ची रिकामी. मी त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं, कारण मी बघितलं की हात वर जायचा.

वहिनी मात्र निर्धास्त होत्या. हिरड्या भरून येईपर्यंत थांबल्या, डॉक्टरांकडून माप घेतलं, आणि कामाला लागल्या. त्यांच्याकडे एक ठेवा होता. लग्न नवं असताना त्या हे काम शिकत होत्या, तेव्हा सरावासाठी त्यांनी नवऱ्याच्याच दातांचा साचा काढला होता. नव्या बायकोपुढं कुणाचं काय चालतं? बसले होते बिचारे तोंड आ करून. तो साचा वरच्या फळीवर जपून ठेवलेला होता. वहिनींनी त्यावरून दात केले, हुबेहूब, डाव्या बाजूचा किंचित तिरका दात होता तोसुद्धा तसाच तिरका. मी ती कवळी हातात घेऊन बघितली. एका माणसाचं तरुणपण दोन बोटांत धरता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

भाऊजींनी ती घातली आणि आरशापुढं उभे राहिले. मी दारातच होते. मला जे दिसलं ते सांगणं अवघड आहे. सुरकुतलेले गाल, पांढऱ्या भुवया, आणि मधोमध एक पंचविशीतला मुलगा हसतोय. भाऊजी बघत राहिले. मग त्यांनी कवळी काढली, पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि हाताआडून म्हणाले, "हा पोरगा कोण? ह्याला परत पाठव."

मागच्या खोलीचं दार लागलं. वहिनी खूप वेळ पेल्याकडे बघत होत्या. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," एवढंच म्हणाल्या. त्यांनी इतक्या लोकांना दात दिले, त्यांतली एकही कवळी अशी परत आलेली नव्हती.

अशात तो दुसरा भाग आला. जाडजूड, मुखपृष्ठावर नदी आणि रिकामी होडी. वहिनींनी तो स्वतः जाऊन आणला आणि दुपारी पुढच्या खोलीत भाऊजींच्या खुर्चीवर ठेवला. मेण तापवलं, चष्मा खाली घेतला, आणि कामाला बसल्याचं नाटक करत वाट बघत राहिल्या. भाऊजी आले. पुस्तक उचललं, उलटंपालटं करून बघितलं, मुखपृष्ठावरून हात फिरवला. मग ते अलगद वहिनींच्या कामाच्या फळीवर, मेणाच्या दिव्यापासून लांब सरकवून ठेवलं आणि आत निघून गेले.

ते फेकलं असतं तर बरं झालं असतं, असं वहिनी मला नंतर म्हणाल्या.

मग त्यांनी ते स्वतःच वाचायला घेतलं. पान उघडं राहावं म्हणून त्यावर प्लॅस्टरचा एक जबडा ठेवायचा, दोन ओळी वाचायच्या, एक दात रोवायचा. पुस्तकभर गुलाबी बोटं उमटली. आणि रोज संध्याकाळी त्या तक्रार घेऊन वर माझ्याकडे.

"ह्या लेखिकाबाईनं सरदाराची वाट लावली."

"मेला का?" मी चहा ओतत विचारलं.

"मेला असता तर रडून मोकळी झाले असते. म्हातारा होतोय! पाण्यात पाय ठेवला ना, त्यानं अमरपण गेलं त्याचं. आता गुडघा दुखतो म्हणतो. सर्दी होते. किल्ल्यात वारा लागतो म्हणून खिडक्या लावून घेतो. ह्यासाठी थांबले होते मी?"

"बरं झालं. जमिनीवर आला."

"तुला काय कळतंय?" वहिनी म्हणाल्या. मग कप हातात फिरवत राहिल्या. "आज त्याचे सुळे पडले," त्या म्हणाल्या. "होडीत बसला होता, खोकला आला आणि हातात पडले. तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही. तोंड झाकून बसतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्या बाईला आमच्या घरातलं कुणी सांगितलं गं?"

ह्यावर थट्टा सुचण्याइतकी मी दगड नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्यानं. "पण काय लिहिते! काय लिहिते ही बाई! आज होडीवालीनं त्याला गरम सूप दिलं. तीनशे वर्षांत पहिल्यांदा त्याची जीभ भाजली. आणि तो रडायला लागला, आनंदानं. भाजलं म्हणून आनंदानं! मी मेण उतू घालवलं ते वाचताना." आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा, "ती होडीवाली एकदाही चिडत नाही. नवरा कोपऱ्यात तोंड लपवून बसलाय आणि ही आपली हसून होडी वल्हवतेय. बाई आहे की भिंतीवरचा फोटो? मी असते तर वल्हं घातलं असतं डोक्यात."

असं चाललं होतं. पुस्तक सोडवत नव्हतं आणि गिळवतही नव्हतं. शेवटी एकदा माझा पाय ब्रेकवर गेलाच. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला पुस्तक आवडत नाहीये, की एकटीनं वाचावं लागतंय ते आवडत नाहीये?"

वहिनींनी कप खाली ठेवला. "प्रत्येक ओळ मला ह्यांच्याच आवाजात ऐकू येते," त्या म्हणाल्या. "मध्येच आवाज बंद पडतो. मग मी ती ओळ परत वाचते. दात घाला, नका घालू, मला काही म्हणायचं नाही. पण हा माणूस दाराआड बसून बसून एक दिवस तिथंच राहील, गं. आहे म्हणायचा आणि नाही. मला भुतं पुस्तकातच आवडतात."

त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतरची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, मी काहीतरी मागायला खाली गेले. वहिनींचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या प्लॅस्टरनं भरलेले. "बरी आलीस. पान उलट, आणि तेवढं वाचून दाखव," त्या म्हणाल्या. मी वाचते ते वाहतुकीचे नियम वाचल्यासारखं, पण वाचायला लागले.

सरदार नदीच्या काठावर वाकलेला असतो. असल्या लोकांचं प्रतिबिंब पडत नाही, त्यामुळं तीनशे वर्षांत त्यानं स्वतःला बघितलेलं नसतं. आता पाण्यात एक चेहरा दिसतो. पांढरे केस, बसलेले गाल. तो घाबरून मागं सरकतो आणि विचारतो, "हा म्हातारा कोण?"

होडीवाली दोर सोडवत असते. ती वर न बघता म्हणते, "ज्याला मी रोज पलीकडे नेत होते, तो."

"मग तो तरुण? ज्याच्यावर तू प्रेम केलंस तो?"

"तो तुमचा तुम्हालाच ठाऊक," ती म्हणते. "मी पहिल्या दिवशी कंदील वर धरला तेव्हाच बघितलं. म्हटलं, केवढा दमलेला माणूस आहे. म्हणून तर बसा म्हणाले."

मी, जी अशी पुस्तकं चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची समजायची, ती ते पान हातात धरून उभी राहिले आणि मला पुढची ओळ वाचवेना. कुठल्या कोण बाईनं, कुठं बसून, न पाहिलेल्या नदीवर हे लिहिलं होतं, आणि ते आमच्या पुढच्या खोलीत जसंच्या तसं येऊन उभं राहिलं होतं.

वहिनी स्वतःशीच म्हणाल्या, "ती बघत होती म्हणजे."

प्लॅस्टर त्यांच्या हातावर घट्ट होत चाललं होतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी हात धुतले. परत येऊन त्यांनी वरच्या फळीवरचा तो जुना साचा काढला, फडक्यानं पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला. मग मला विचारलं, "काढायच्या आधी कसे होते गं?"

"काय?"

"ह्यांचे दात."

मला आधी हसू आलं. गावात कुणाचा कुठला दात किडलाय हे रस्त्यावरून सांगणारी बाई मला नवऱ्याचे दात विचारत होती. पण त्या थट्टा करत नव्हत्या. "मला आठवत नाहीत," त्या म्हणाल्या. "डोळे मिटले की तो साचाच दिसतो. एवढी वर्षं ह्यांच्यासमोर बसून जेवले आणि मी तो साचाच बघत होते. दात झिजले असणार, पिवळे झाले असणार. मी काय बघत होते गं?"

दात करणारीच अशी चूक करू शकते. तुम्हा-आम्हाला नवऱ्याचं तरुणपण आठवतं, आठवून जातं. वहिनींनी ते साच्यात ओतून ठेवलं होतं, त्यामुळं ते जायलाच तयार नव्हतं.

सुदैवानं मला आठवत होते. मागं मी भाऊजींना गाडी शिकवण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला, आमच्या गाडीला आणि कोपऱ्यावरच्या भिंतीला, दोघींनाही तो अजून आठवत असेल. पण शिकवणाऱ्याला शेजारच्याचा एकच गाल दिवसेंदिवस दिसत राहतो, आणि तेवढा गाल मला पाठ होता. मी म्हटलं, "बसून सांगते."

मग आम्ही जे केलं ते कुणी खिडकीतून बघितलं असतं तर दोघींना वेड लागलं असं गावभर झालं असतं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. वहिनी चालकाच्या जागी, मी नेहमीसारखी डावीकडं. भाऊजींच्या मापावरचं मेण वहिनींनी स्वतःच्या गालाशी धरलं, आणि मी डोळे बारीक करून सांगायला लागले.

"आता वळण आलं. आता ते खालचा ओठ चावायचे."

"कुठल्या दातानं?"

"वरचा, पुढून तिसरा. नाही, जरा वर. त्याची कड सपाट झाली होती."

"आणि पुढचे दोन?"

"एकाचा टवका गेलेला. पेन दातात धरायचे ना ते, कामावर, तिथंच. आणि हसले की खालचे दिसायचे, वरचे नाही."

"खालचे?" वहिनी थबकल्या. "वय झालं की ओठ उतरतो. वरचे झाकले जातात." त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "हे मी रोज दुसऱ्यांच्या कवळीत करते."

दात तयार येतात, पट्टीवर लावलेले, नवे कोरे, मोत्यासारखे. वहिनींनी जरा मळकट रंगाची पट्टी निवडली आणि ते दात खराब करायला बसल्या. दुसरा शब्द नाही त्याला. छोटं मशीन घरघरायला लागलं आणि त्या एकेका दाताची कड घासून सपाट करू लागल्या, जिथं चाळीस वर्षं पाव चावला असता तिथं जास्त, जिथं चावला नसता तिथं कमी. एका दातावर केसाएवढी तपकिरी रेघ. हिरडीजवळ चहाचा डाग. टवका उडवताना त्यांनी श्वास धरला, मीही धरला. मी रोज माणसं नवं काही शिकताना बघते. एखादी वस्तू जुनी होताना, एका बाईच्या बोटांखाली एका दुपारी सगळं आयुष्य जगून घेताना, मी पहिल्यांदा बघत होते. मध्येच त्या पुटपुटत होत्या. मला वाटलं मला काही सांगतायत. नंतर कळलं की त्या भाऊजींशी भांडत होत्या, हिरड्यांचं आधी का सांगितलं नाहीत म्हणून. होडीवालीला जे जमलं नाही ते आमच्या वहिनी मशीन चालू ठेवून करत होत्या.

कवळी पक्की होऊन चकचकीत झाली तेव्हा त्यांनी डबी घेतली नाही. तळहातावरच ठेवून मागच्या खोलीत गेल्या. मी सभ्यपणानं दाराबाहेर थांबले आणि आगाऊपणानं दार पूर्ण लागू दिलं नाही.

"पुन्हा त्याच पोराचे?" भाऊजी हाताआडून म्हणाले.

"नाही. त्याला जाऊ दिलं मी."

भाऊजींनी कवळी घेतली. घातली नाही, कडेवरून अंगठा फिरवत राहिले. एका जागी अंगठा थांबला. "हा टवका," ते म्हणाले.

"पेनाचा."

"तुझ्या लक्षात होता?"

वहिनी खोटं बोलू शकल्या असत्या. मी असते तर बोलले असते. "नव्हता," त्या म्हणाल्या. "मी विचारून घेतलं. मी बघितलंच नव्हतं तुमच्याकडे. आता बघेन."

मग टक् असा बारीक आवाज आला, वरचे खालच्यावर बसल्याचा. आरसा भिंतीवरच होता; भाऊजी तिकडे गेले नाहीत. जिभेनं सगळीकडून चाचपून बघितलं, दोनतीनदा घसा खाकरला. आणि मग दाराच्या फटीकडं बघून, सबंध घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाहेरच्या प्रवाशांनी आत यावं."

मी रडणारी बाई नाही. धूळ गेली डोळ्यात म्हणा.

पुढच्या खोलीत त्यांची खुर्ची होतीच. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू झालं, मेणाच्या बोटांनी चिकटलेली पानं सोडवत सोडवत. वहिनी सगळं वाचून बसलेल्या, तरी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या बसल्या होत्या. मी दारात टेकून उभी होते ती कधी खाली बसले मलाच कळलं नाही. तो आवाज परत त्या खोलीत होता. फळीवरचे जबडेसुद्धा ऐकतायत असं मला वाटलं, आणि असलं काही वाटणाऱ्यांपैकी मी नव्हे.

फक्त एक झालं होतं. नव्या दातांतून 'स' म्हटला की शीळ वाजत होती, आणि त्या पुस्तकात सरदार दर ओळीला. चार पानं वहिनींनी सोसली.

"थांबा. पुढच्या दोघांच्या मागं मी जाड ठेवलंय. द्या इकडे."

"आत्ता? तो पाण्यात उभा आहे," भाऊजी म्हणाले.

"उभा राहू दे. लगेच देते."

भाऊजींनी कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मशीन घरघरायला लागलं. मी समोरच बसले होते. त्यांचं तोंड पुन्हा बोळकं झालं होतं, आणि मी सवयीनं नजर खाली घेतली, कारण आता हात वर जाणार. जरा वेळानं मी वर बघितलं. हात पुस्तकावरच होता. भाऊजींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते पुढची ओळ मनातल्या मनात वाचत होते, ओठ हलत होते; मग ती पुटपुटायला लागले, आणि मग त्यांना राहवलं नाही. मोठ्यानं वाचायला लागले. शब्दांतून वारा सुटत होता, 'त' कुठला आणि 'द' कुठला कळत नव्हतं, ओठ आत-बाहेर होत होते. पण सरदार गार पाण्यात उभा होता, होडीवालीनं हात पुढं केला होता, आणि तो हात तो धरतो की नाही हे भाऊजींना ठाऊक नव्हतं.

वहिनींनी मशीन बंद केलं. कवळी तळहातावर धरून त्या ऐकत राहिल्या. पान संपलं तसं भाऊजींनी ते उलटलं आणि पुढं वाचत गेले. दात मागायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.